पाठ क्रमांक सात

टाचणवहीच्या कोपऱ्यात लाल पेनाने लिहिते:
इयत्ता नववी ब. उपघटक बाष्पोत्सर्जन.
उद्दिष्ट: विद्यार्थी पर्णरंध्राची रचना सांगतात.
वर्तमानकाळातच लिहायचं असतं हे,
म्हणजे आधीपासून सांगतच आल्यासारखं.

विडी घरकुलातल्या खोलीत एकच बल्ब.
त्याच्याखाली मांडीवर सूप घेऊन आई
आणि मांडीवर वही घेऊन मी.
हजारातल्या सहाशे झाल्यात तिच्या.
नळाला पाणी सोमवारी आलं होतं,
आता परवा.

आमच्या घरात पानाला आकु म्हणतात.
गल्लीत पान.
बीएस्सीला लीफ होतं ते,
आणि बी.एड.च्या टाचणात पर्ण.
एवढ्या पायऱ्या चढून मी
तिच्यापासून दीड हातावर बसलेय.

हिरेमठ मॅडम म्हणतात,
शैक्षणिक साहित्य परिसरातलं घ्या.
मग सगळे कॉलेजच्या फाटकातली जास्वंद तोडतात.
जूनपासून त्या झाडावर एक पान टिकलेलं नाही.
मी आईच्या ओल्या पोत्यातून एक ओढलं.
'तोलून दिलेत,' ती म्हणाली, वर न बघता.

मधल्या मारुतीजवळून आणलेली
वीस रुपयांची बिनरंगाची नेलपॉलिश
पानाच्या पाठीवर बोटभर लावली,
वाळल्यावर चिकटपट्टीने सोलली.
कॉलेजात सूक्ष्मदर्शक तीन,
आरसा शाबूत एकाचाच.
सकाळी लवकर जाऊन त्यात पाहिलं:
ओठ. शेकडो.
काही मिटलेले, काही
बोलता बोलता थांबलेले.
पान कधीच मेलंय, कुठल्या जंगलात तोडलं
तेव्हाच. मग गोणी, ट्रक, गोदाम, आमचं पोतं.
तोंड कसं होतं, तेवढं मात्र ठेवलंय त्याने.

शाळेत मागच्या बाकावर मॅडम.
माझा आवाज पहिली पाच मिनिटं
माझ्यापेक्षा उंच.
'पानातली ही जाड रेघ कशासाठी असते?'
प्रश्न टाचणात होता, अपेक्षित उत्तरही होतं.
तिसऱ्या बाकावरची अंबिका कोडम उठली:
'बाई, ती सोडून कापायचं असतं.
नाहीतर चेकर छाट काढतो.'

वर्ग हसला. निम्माच.
बाकीच्यांनी हात बाकाखाली घेतले.

प्रबलन कौशल्यात शिकवलंय,
छान, बरोबर, शाब्बास, यातलं एक वापरावं.
मला एकही आठवेना.
'माझी आईपण तशीच कापते,' मी म्हणाले,
आणि फळ्यावर ती रेघ काढली
देठापासून थेट टोकापर्यंत,
'हिच्यातून पाणी जायचं वर,
म्हणून ही एवढी कडक.'
अंबिका उभीच होती.
तिला बसायला सांगायचं राहून गेलं
तास संपेपर्यंत.

शेरा: विषयज्ञान चांगले. फलकलेखन तिरके.
आशयाबाहेर चार मिनिटे.
विद्यार्थी सहभाग,
आणि त्यापुढे मॅडमनी काहीतरी लिहून खोडलेलं.
उजेडाला धरून पाहिलं. लागत नाही.

रात्री आईला ती चिकटपट्टी दाखवली.
'यात काय?'
'तोंडं आहेत. नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत.
यातून पान पाणी सोडतं हवेत.'
तिने आधी वास घेतला.
मग बल्बकडे धरून बराच वेळ बघितलं,
चेकर विडी बघतो तसं.
'मग मी पोत्यात भिजवते,
तेव्हा परत पितं का?'

चार वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही.
'बघून सांगते,' म्हणाले.
वहीत लिहून ठेवलं, पेन्सिलने,
कुठल्या रकान्यात ते न ठरवता.

बाटलीत नेलपॉलिश उरली होती.
नऊ नखं विडीचं तोंड दुमडून दुमडून
कडेला झिजलेली.
तिने डाव्या हाताची करंगळी पुढे केली.
'हिला लाव,' म्हणाली,
'हिला काही काम नसतं.'